पगार नाही, मग टुरिस्ट व्हिसा चालेल ना?

प्रश्न: ताई, मी सोलापूरची, बीएस्सी ॲग्री झालंय. न्यूझीलंड फिरताना वूफमधून (WWOOF, सेंद्रिय शेतावर काम करून त्या बदल्यात राहणं-जेवण मिळतं ती योजना) एखाद्या सेंद्रिय शेतावर महिनाभर राहायचंय, पगार नसतो म्हणजे टुरिस्ट व्हिसा चालेल ना? आईबाबा घाबरतायत.

उत्तर: नाही गं, चालणार नाही. कामाच्या बदल्यात जेवणखाण आणि राहणं मिळतं ना, ते तिथल्या नियमात कामच धरतात, आणि न्यूझीलंडचा वर्किंग हॉलिडे व्हिसा, म्हणजे फिरता फिरता काम करू देणारा व्हिसा, २०२५ पर्यंत तरी भारतीयांना मिळत नव्हता, आता काय आहे ते आधी तपास. ऑस्ट्रेलियाने मात्र २०२४ पासून १८ ते ३० वयाच्या भारतीयांसाठी अशा व्हिसाच्या वर्षाला १००० जागा ठेवल्यात, सोडत निघते, तिथे नक्की नाव टाक.

वूफ तसं जुनं आहे, १९७१ला इंग्लंडमध्ये सुरू झालं, दिवसाला साधारण ४ ते ६ तास काम असतं. पण शेत निवडताना तास किती, सुट्टी कधी, खोली स्वतंत्र आहे का, हे आधीच लिहून घे, आणि आईबाबांना त्या घरच्यांशी व्हिडिओ कॉलवर बोलू दे, त्यांची भीती बरोबरच आहे. परतीचे पैसे वेगळे ठेव म्हणजे पटलं नाही तर लगेच निघता येईल.

आणि मला मनापासून वाटतं, आधी फेब्रुवारीत मंगळवेढ्याकडे आठवडाभर ज्वारी काढायला जा, रोज उन्हात वाकून काम झेपतं का ते तिकीट काढायच्या आधीच कळेल.