लोड घेऊन कसारा घाट चढताना ट्रक गरम होतो, कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतात. हेड गॅसकेट गेलंय का?

नमस्कार दादा. तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं. गाडी दहा टायरची, बीएस-४. पिंपळगावहून कांदा घेऊन न्हावा शेव्याला जाता. परतीचा लोड घेऊन कसारा घाट चढायला लागलं की काटा लाल पट्ट्यात जातो आणि इगतपुरी सोडून सपाटीला लागलं की खाली येतो. मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढून टाकला, रेडिएटर बाहेरून धुतला, फरक पडला नाही. आता टाकीत बुडबुडे दिसले म्हणून ते हेड (सिलिंडरवरचं झाकण; त्याच्या खालची सीलपट्टी म्हणजे हेड गॅसकेट) उतरवा म्हणताहेत. मी नाशिकच्या आडगावच्या बाजूला अवजड गाड्यांचंच काम करतो. माझं स्पष्ट मत आहे की एवढ्यावर हेड उतरवायला देऊ नका.

गाडी कधी गरम होते, यावरूनच निम्मं निदान होतं. फक्त लोडवर, चढाला, कमी वेगात गरम होत असेल तर आधी हवेच्या बाजूवर संशय घ्यायचा. घाटात इंजिन पूर्ण ताकद लावत असतं आणि समोरून वारा जवळपास नसतो. तेव्हा सगळी भिस्त फॅनवर. उलट सपाट हायवेला वेगात असतानाच काटा चढत असेल, तर पाणी पुरेसं फिरत नाहीये: रेडिएटर आतून भरलाय, खालचा होज (रबरी पाइप) आत ओढला जाऊन चपटा होतोय किंवा वॉटरपंपाची पाती झिजलीत. थंड इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा वर आणि वरचा होज कडक होत असेल, तर मात्र गॅसकेटचा विचार करावा. काटा एकदम वर, एकदम खाली उड्या मारत असेल तर पाणी कमी आहे, आत हवा अडकलीय किंवा सेन्सरच्या वायरिंगची गडबड आहे.

तुमच्या गाडीत आधी थर्मोस्टॅट परत बसवा. तो काढून टाकायची आपल्याकडे फार सवय आहे आणि तिने नुकसानच होतं. बऱ्याच अवजड डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो. पाणी तापलं की रेडिएटरकडची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. काढून टाकला की बायपास कायमचा उघडा राहतो. मग घाटात बरंचसं पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून केलेल्या कामाने ती जास्त तापू शकते. जुना थर्मोस्टॅट चांगला आहे का ते घरी बघता येतं. पातेल्यात पाणी घेऊन तो दोऱ्याने टांगायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, शेजारी थर्मामीटर. उघडण्याचा आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो, बऱ्याचदा ८२ च्या आसपास. तिथे उघडायला लागून पुढच्या दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे.

आता रेडिएटर. बाहेरून धुतला म्हणता, पण कुठून धुतला? तुमच्या गाडीत पुढे इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारी जाळी) आणि त्याच्या मागे रेडिएटर असणार. पुढून पाणी मारलं की इंटरकूलर स्वच्छ दिसतो आणि त्यातला कचरा मागे रेडिएटरच्या तोंडावर जाऊन बसतो. दोन्हींच्या मधल्या फटीत वरून टॉर्च मारून बघा. कांद्याची वाहतूक करणाऱ्या गाड्यांत इथे मी नेहमी एकच दृश्य बघतो: कांद्याचे पापुद्रे, बाजार समितीच्या आवारातली धूळ आणि इंजिनाच्या ऑइलचा ओलावा मिळून गोधडीसारखा थर जमलेला असतो. बोटाने ओढला तर सलग निघतो. तो थर असेपर्यंत पुढून कितीही धुवा, हवा जाणार नाही. इंटरकूलरचे बोल्ट सोडून तो पुढे सरकवायचा आणि इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला पाणी मारायचं, तेही साध्या दाबाने. वॉशिंग सेंटरचा जेट जवळून मारला तर पातळ फिन्स आडव्या होतात आणि आहे ती वाटही बंद होते.

मग फॅन. व्हिस्कस फॅन असेल तर त्याच्या मधल्या डब्यात, म्हणजे फॅन क्लचमध्ये, सिलिकॉन ऑइल असतं. तापल्यावर ते फॅनला इंजिनबरोबर जोडतं, थंड असताना सोडतं. चाचणी अशी: गाडी घाट चढून गरम झालेली असताना सुरक्षित जागी थांबवा, इंजिन बंद, चावी खिशात, आणि फॅन हाताने फिरवून बघा. जड लागला पाहिजे. टिचकी मारल्यावर गरागरा फिरत असेल किंवा मधोमध ऑइलचे ओघळ दिसत असतील, तर क्लच गेलाय. घाटात चालू असतानाही कानाला कळतं, काटा वर जायला लागला की फॅनचा घोंघावणारा आवाज वाढायला हवा. तुमच्या काट्याच्या वागण्यावरून माझा सगळ्यात जास्त संशय या दोन गोष्टींवर आहे, मधला कचरा आणि फॅन क्लच. फॅनभोवतीचं कव्हर तुटलेलं किंवा काढून ठेवलेलं असेल तर तेही परत बसवा. ते नसलं की फॅन मागचीच गरम हवा परत ओढतो.

बुडबुड्यांचं मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण इथेच नाहक हेड उघडलं जातं. ब्रेकची हवा भरणारा कंप्रेसर बहुतेक ट्रकमध्ये इंजिनच्याच पाण्यावर थंड होतो. त्याचं गॅसकेट गेलं किंवा त्याच्या हेडला तडा गेला, की दाबाखालची हवा सरळ कूलंटमध्ये शिरते आणि टाकीत अगदी हेड गॅसकेट गेल्यासारखे बुडबुडे येतात. दोन्हींतला फरक ओळखायला मशीन लागत नाही.

इंजिन पूर्ण थंड असताना चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून दगड किंवा ठोकळा) लावा, हवेच्या टाक्या रिकाम्या करा, कूलंटच्या टाकीचं झाकण काढा आणि इंजिन आयडलवर चालू करा. सुरुवातीला थोडे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते निघून जाऊ द्या. त्यानंतर बघत राहा. हवा भरत जाईल आणि साधारण ८ बारच्या आसपास ‘फुस्स’ आवाज होऊन कंप्रेसर कट-ऑफ होईल. त्या आवाजाबरोबर बुडबुडे थांबले किंवा अगदी कमी झाले, तर दोष कंप्रेसरचा. खात्रीसाठी एका माणसाला ब्रेक दाबत राहायला सांगा. हवा कमी होऊन कंप्रेसर पुन्हा भरायला लागला की बुडबुडे परत येतील. कट-ऑफनंतरही तसेच येत राहिले, तर दोष इंजिनकडे आहे. हे सगळं पाणी कोमट आहे तोवर उरकायचं, पाणी तापायला लागलं की इंजिन बंद.

इंजिनकडे निघाला तरी लगेच हेड नाही. बीएस-४ च्या तुमच्या गाडीला ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात पाठवणारी यंत्रणा) असेल तर त्याचा कूलर आधी तपासून घ्या. तो आतून फुटला की पाणी सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराच्या रूपाने जातं, बाहेर थेंबही दिसत नाही, आणि उलट धूर पाण्यात शिरला की टाकीत बुडबुडे येतात.

काटा खरं बोलतोय का तेही बघा. तापमान मोजायची गन आता स्वस्तात मिळते. थर्मोस्टॅटच्या घरावर काळी टेप लावून त्यावर मोजा, चकचकीत ॲल्युमिनियमवर ती चुकीचं दाखवते. त्याच गनने गरम रेडिएटरभर फिरवून पाहा, मध्येच थंड पट्टे सापडले तर त्या नळ्या आतून बंद आहेत. वर्षानुवर्षं बोअरचं पाणी टाकलेल्या गाडीत हे हमखास होतं. त्याहून वाईट म्हणजे कूलंटशिवाय नुसत्या पाण्यावर चालवलेल्या इंजिनांत लायनरला (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) बाहेरून बारीक खड्डे पडत जातात आणि शेवटी आरपार भोक पडतं. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर, यात काटकसर करू नका. झाकणही तपासा. सुमारे ६०० मीटर उंचीवर, म्हणजे इगतपुरी-नाशिकच्या पातळीला, साधं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. एक बार दाब धरणारं झाकण तीच उकळी १२० च्या जवळ नेऊन ठेवतं. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर गाडी विनाकारण पाणी फेकते.

हे होईपर्यंत घाटात गिअर लवकर खाली घ्या. वरच्या गिअरमध्ये इंजिन दमवू नका, पंप आणि फॅन दोन्ही इंजिनच्या फेऱ्यांवरच चालतात. काटा लालला गेलाच तर बाजूला घ्या. टाकीत पाणी असेल तर थोडा वेळ आयडलवर ठेवून मग बंद करा. पाणी निघून गेलं असेल तर ताबडतोब बंद. गरम झाकणाला हात लावू नका, तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. आणि चाकामागे लावलेले दगड निघताना रस्त्यातून उचला. रात्री मागून येणारा दुचाकीवाला त्यावर पडतो.

सगळं तपासूनही हेड उतरवायची वेळ आली, तर समोर उभं राहून दोन मापं घ्यायला लावा: हेडचा सपाटपणा स्ट्रेट एज आणि फिलर गेजने, आणि प्रत्येक लायनर ब्लॉकच्या वर किती आलाय ते डायल गेजने. हेडची प्रेशर टेस्ट वेगळी करून घ्या. ही मापं न घेता नुसतं नवं गॅसकेट टाकायचं म्हणत असतील, तर गाडी तिथे उघडू नका.