घोड्यांचा मेजर, घरावर कर्ज

नमस्कार. तुमचा मेल दोनदा वाचला. थोडक्यात मामला असा की तुम्ही न्यू जर्सीत, लेकीला व्हेट, म्हणजे जनावरांची डॉक्टर व्हायचंय, तिथल्याच स्टेटच्या रटगर्स युनिव्हर्सिटीत ॲनिमल सायन्स मिळतंय, राहण्या-जेवणासकट वर्षाला ३६ हजार डॉलर, पण तिचा जीव अडकलाय दुसऱ्या स्टेटमधल्या एका कॉलेजच्या इक्वाइन सायन्समध्ये (घोड्यांचा अभ्यास), तिथे ५८ हजार. ५२९ मध्ये (शिक्षणासाठीच्या बचत खात्यात) १ लाख १० हजार आहेत. उरलेल्यासाठी घरावर लोन काढू का, हा प्रश्न.

नका काढू.

तुम्ही लिहिलंय की 'व्हेटसाठी स्पेशल मेजर घेतला तर पुढे ॲडमिशन सोपी जाईल ना'. हे आपल्याकडच्या हिशोबाने वाटतं, मुंबईत परळच्या व्हेट कॉलेजात बारावीनंतर नीट देऊन थेट साडेपाच वर्षांचा कोर्स, एकदा आत गेलं की गेलं. इथे अमेरिकेत आधी कॉलेज, मग वेगळं व्हेट स्कूल, आणि कॉलेजात प्री-व्हेट (व्हेट स्कूलची तयारी) हा बहुतेक ठिकाणी मेजरच, म्हणजे मुख्य विषयच नाही. बायोलॉजी, केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स, बहुतेक ठिकाणी बायोकेम आणि स्टॅटिस्टिक्स, असे ठरलेले कोर्स झाले पाहिजेत, मार्क चांगले पाहिजेत, जनावरांबरोबर काम केल्याचे तास पाहिजेत. मेजर म्युझिक असला तरी चालतो. घोड्यांचा मेजर घेतला म्हणून व्हेट स्कूलवाले गालिचा अंथरत नाहीत.

आता आकडे. रटगर्सचे चार वर्षांचे १ लाख ४४ हजार. त्यातून ५२९ चे १ लाख १० वजा, लेकीच्या नावावर फेडरल लोन चार वर्षांत जास्तीत जास्त २७ हजार मिळतं ते वजा, राहिले ७ हजार, ते तर तुम्ही ओव्हरटाइम करून पण काढाल. दुसरीकडे २ लाख ३२ हजार, तेच वजा केलं की ९५ हजारांचं भगदाड. पॅरेंट प्लसने (आईबापांच्या नावावरचं फेडरल लोन) बुजवू म्हणाल तर १ जुलै २०२६ पासून नवीन लोनला वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजारांची मर्यादा आहे, म्हणजे तरी ३० हजार कमीच, आणि म्हणूनच तुमचं लक्ष घरावर गेलंय. (फी दरवर्षी वाढते ती मी धरलेलीच नाही.)

आणि खरा खर्च तर नंतर आहे हो! डीव्हीएमची, म्हणजे व्हेटच्या डिग्रीची चार वर्षं, राहण्यासकट अडीच-तीन लाख डॉलर सहज. पूर्वी ग्रॅड प्लस या फेडरल लोनमधून लागेल तेवढं मिळायचं, आता नवीन मुलांना ते बंद, फेडरल लोन वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख, बस. त्यावरचं प्रायव्हेट लोन, आणि त्यावर को-साइनर म्हणून सही कुणाची, तुमचीच. घराची इक्विटी वापरायचीच असेल तर तेव्हासाठी राखून ठेवा, आत्ता कॉलेजात उडवू नका.

लेकीची बाजू पण सांगते, कारण ती अगदीच चुकीची नाहीये. जनावरांना हात लावायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि नुसत्या बायोलॉजीत मुलं चार वर्षं पेट्री डिशच बघतात. पण रटगर्सच्या कुक कॅम्पसवर घोडे, गायी, मेंढ्या, डुकरं सगळं आहे, एप्रिलमध्ये तिथे ॲग फील्ड डे (शेती-जनावरांचा मेळा) असतो तेव्हा तिला घेऊन जा. मी गेले होते तेव्हा एक मुलगी मेंढीला दोरीने रिंगणात ओढत होती आणि मेंढी ढिम्म हलत नव्हती, मुलीच्या नव्या पांढऱ्या पँटला पार गुडघ्यापर्यंत चिखल. लेकीने असं काही एकदा बघावं, मग घोड्यांवरचं प्रेम किती टिकतं ते कळेल. टिकलं तर उत्तमच, इक्वाइनचे कोर्स तिथेही आहेत.

अजून एक, व्हेटला नंबर नाही लागला तर? निव्वळ इक्वाइन सायन्सवर तबेल्यातल्या नोकऱ्या असतात, पगार बघून घ्या एकदा. मी असते तर ॲनिमल सायन्सबरोबर मायक्रोबायोलॉजी किंवा बायोकेमचे जादा कोर्स घ्यायला लावले असते, न्यू जर्सीत फार्मा कंपन्या भरपूर, लॅबमध्ये काम मिळतं.

१ मेच्या आधी, म्हणजे कॉलेज पक्कं करायच्या तारखेआधी, दुसऱ्या कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसला एक फोन मात्र करा, रटगर्सचा आकडा सांगून मेरिट स्कॉलरशिप वाढवता का विचारा. ४० हजारांपर्यंत खाली आले तर मला परत लिहा, मग हिशोब नव्याने मांडू.