वाचकांचे प्रश्न: सावलीतले परसदार

प्रश्न: चिपळूणजवळ आमचे कौलारू घर आहे. मागचे परसदार घराच्या उत्तरेला, वीस फूट बाय पंधरा फूट. एका कोपऱ्यात फणस, पलीकडे गडगा. पावसात घोटाभर चिखल, भिंतीला तीन फुटांपर्यंत शेवाळ. दर जूनमध्ये रोपे लावतो, ती ऑगस्टपर्यंत कुजतात. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: रोपांपासून करू नका. आधी पागोळ्यांचे पाणी वळवा. मागच्या बाजूचे छप्पर वीस बाय बारा फूट धरले, तर ते 22 चौरस मीटर भरते आणि परसदार 28 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दिवसाला 100 मिलिमीटर पडला की तुमच्या परसात 5000 लिटर पाणी उतरते, आणि त्यातले जवळजवळ निम्मे छपरावरून एकाच रेषेत कोसळते. त्या रेषेत माती खणली जाते आणि चिखलाचे शिंतोडे भिंतीवर उडतात. तिथेच शेवाळ धरते.

पागोळी पडते ती रेषा आत्ताच, पाऊस चालू असताना खुंट्या ठोकून आखून ठेवा. पाणी कुठे साचते, तिथेही खुंटी मारा. खोदकाम मात्र दिवाळीनंतर. रेषा मध्यावर घेऊन दीड फूट रुंद, सव्वा फूट खोल चर काढा. वीस फुटांत अडीच इंच उतार हवा. गवंड्याकडून पाण्याच्या नळीने लेव्हल काढून घ्या, नुसत्या नजरेवर भरवसा ठेवू नका. चराला जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणाऱ्या पण माती अडवणाऱ्या, कापडाचे अस्तर द्या. तळाला दोन इंच खडी, तिच्यावर भोके पाडलेला चार इंची पाइप, भोके खालच्या बाजूला. पाणी चरात खालून वर चढते, म्हणून ते तळाच्या भोकांतूनच लवकर आत शिरते. वर पुन्हा खडी भरून कापडाची टोके मिटा आणि त्यावर दोन-तीन इंच मोठे गोटे पसरा. साधारण 38 घनफूट माल लागेल, अर्ध्या ब्रासपेक्षा कमीच. कापड वाचवायला जाऊ नका. ते नसेल तर लाल माती खडीत शिरते आणि चर हळूहळू बुजतो. कापडाऐवजी प्लास्टिक घातले तर बाजूच्या मातीतले पाणी चरात येणारच नाही.

पाइपचे तोंड गडग्यातून पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे काढा, शेजाऱ्याच्या आवारात नव्हे. तोंडाला जाळी बसवा आणि पावसाळ्यात दर आठवड्याला फणसाची पाने काढा. शोषखड्ड्याचा सल्ला कोणी देईल. आधी भर पावसात दीड फुटाचा खड्डा खणून पाण्याने भरा, वर पत्रा झाका. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच असेल, तर खाली कातळ आहे किंवा भूजल वर आले आहे. तिथे शोषखड्ड्याचा हौद होईल आणि त्यात डास.

भिंतीलगत वाफा नको. माती जोत्याच्या माथ्यापासून किमान सहा इंच खाली राहू द्या.

आता ऊन. घराची भिंत चार मीटर उंच धरली, तर डिसेंबरात भर दुपारीही तिची सावली साडेतीन मीटर पडते. म्हणजे हिवाळ्यात गडग्याकडच्या जेमतेम मीटरभर पट्ट्यालाच ऊन. याउलट मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. मेमध्ये त्याचा फायदा मिळतो, पुढे आभाळ तो खाऊन टाकते. म्हणून अबोली गडग्याकडे लावा. मधल्या सावलीत सोनटक्का, नेचे आणि हळद. हळदीचे कंद एकेक फुटावर, दोन इंच खोल, मृगाच्या आधी. सावलीत गड्डे कमी मिळतील, पण पातोळ्यांना पाने भरपूर. ओलसर कोपरा अळूला सोडा, त्याला याहून चांगली जागा नाही.

फणस तोडू नका. फळे बुंध्यावर आणि जाड फांद्यांवर धरतात, तेव्हा त्या राखून दहा-बारा फुटांपर्यंतच्या बारीक व वाळक्या फांद्या ऑक्टोबरात काढा. कापाला बोर्डो पेस्ट लावा: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम कळीचा चुना, 1 लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करा, लोखंडी भांडे नको. त्याच दिवशी वापरा. बुंध्याशी मातीची भर घालू नका, साल कुजते. उत्तरेच्या बाजूने, बुंध्यापासून फूटभर अंतरावर मिरीची वेल मात्र जरूर लावा.

प्रश्न: अशा जागी हिरवळ धरेल का?

उत्तर: हरळी नाही धरणार, तिला पुरते ऊन लागते. चालायला खडबडीत काळ्या दगडाची अडीच फुटी वाट करा. खाली चार इंच खडी, दोन इंच कच (दगडाचा बारीक चुरा). जांभा पाणी धरून ठेवतो आणि सावलीत महिनाभरात निसरडा होतो. घोटीव फरशी त्याहून धोक्याची. शेवाळ जाड वाळू टाकून ताठ खराट्याने घासा. ब्लीचिंग पावडर नको, ती वाफ्यात आणि विहिरीत उतरते.

प्रश्न: सावंतवाडीला घरामागे आले लावतो. ऑगस्टमध्ये पाने पिवळी पडतात, खोड ओढले की सहज हातात येते. खत कमी पडते का?

उत्तर: ही कंदकूज आहे. पिथियम नावाची बुरशी साचलेल्या पाण्यात वाढते. खत वाढवून काही होणार नाही. रोगट गड्डे मातीसकट उपटून आवाराबाहेर न्या, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. उरलेल्या रोपांच्या बुडाशी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचे बुरशीनाशक, लिटरला 3 ग्रॅम, ओता. पुढच्या वर्षी जागा बदला, फूटभर उंच आणि तीन फूट रुंद गादीवाफा करा. बेणे 25-30 ग्रॅमचे, डोळा फुगलेले आणि निरोगी रोपांचेच घ्या. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी शेणखतात मिसळून आठवडाभर ओलसर सावलीत ठेवा, मग वाफ्यात घाला. तांब्याचे औषध आणि ट्रायकोडर्मा एकाच वेळी देऊ नका, औषधाने ट्रायकोडर्माही मरते. जुन्या जागी तीन वर्षे आले नको. हळदही नको, तिलाही हाच रोग होतो.

प्रश्न: पावसात मोठ्या गोगलगायी सगळे खातात. मीठ टाकावे का?

उत्तर: जमिनीवर मीठ टाकू नका, झाडांची मुळे जळतील. संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेले गोणपाट वाफ्यांमध्ये पसरा. पहाटे त्याखाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका. पहिल्या पावसापासून रोज करा. मातीत पांढुरक्या अंड्यांचे पुंजके दिसले तर चिरडा. गोगलगायींसाठीच्या मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या कुत्रा आणि कोंबड्या खातात, त्यामुळे घरालगत त्या नकोत.