पहिल्यांदाच इंग्लंडच्या बागा बघायला जाताय? मग आधी हे वाचा

एका दिवसात तीन बागा वगैरे अजिबात ठरवू नका, मी ते केलंय आणि शेवटची बाग बाकावर बसूनच बघितली! क्यू गार्डन्स ही बाग लंडनमध्येच आहे, ट्यूबने (म्हणजे तिथल्या मेट्रोने) जाता येतं, पण तिला अख्खा दिवस द्या, तिथल्या पाम हाऊस या उबदार काचघरात शिरलात की चष्म्यावर वाफ धरते आणि एकदम कोकणात आल्यासारखं वाटतं.

खरी मजा केंटमधल्या सिसिंगहर्स्टला, लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट आणि तिच्या नवऱ्याने 1930 मध्ये ही पडकी जागा घेतली आणि कुंपणं-भिंती घालून बागेच्या खोल्याच केल्या. त्यातली व्हाइट गार्डन जून संपता-संपता गाठा, मधल्या लोखंडी मांडवावर पांढरा गुलाब असा काही पसरतो की खालून वर बघितलं तर आकाश दिसत नाही. दुपारी गर्दी फार, त्यामुळे शक्यतो उघडल्या उघडल्या जा.

ग्रेट डिक्स्टर ही बाग तिथून जवळच आहे, पण सोमवारी सहसा बंद असते हं.

आणि रस्त्यात नॅशनल गार्डन स्कीमचा पिवळा बोर्ड दिसला तर नक्की थांबा, लोक आपल्या घरची बाग चॅरिटीसाठी उघडतात, बहुतेक ठिकाणी चहा-केक असतो आणि मालकीणबाई स्वतः रोपांबद्दल भरभरून बोलतात. रोपं, बिया भारतात आणायचा मोह मात्र आवरा, परवानगीशिवाय चालत नाही.