बिस्मार्कचा भाऊ काय करायचा?

प्रश्न: जर्मनीचा पहिला चॅन्सेलर (म्हणजे पंतप्रधानासारखा) ऑटो फॉन बिस्मार्क, त्याचा मोठा भाऊ पण राजकारणात होता म्हणतात, खरंय का?

उत्तर: हो, पण बर्लिनच्या नाही, गावाकडच्या. बर्नहार्ड फॉन बिस्मार्क, जन्म १८१०चा, ऑटोपेक्षा पाच वर्षांनी मोठा. १८३९ला आई गेली आणि दोघं भाऊ पोमेरेनियातली (हा तेव्हा प्रशियाचा, म्हणजे जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्याचा भाग) घरची शेतजमीन बघायला लागले, कारण ती कर्जात होती. पुढे बर्नहार्ड नाउगार्ड जिल्ह्याचा लांडराट झाला (हे गाव आता पोलंडमध्ये आहे, नाव नोवोगार्ड) आणि कित्येक वर्षं तिथेच राहिला.

आता लांडराट म्हणजे आपल्या कलेक्टरसारखा समजा, फक्त बाहेरून बदली होऊन आलेला नाही तर बहुतेक वेळा तिथलाच जमीनदार, म्हणजे राजाचा अधिकारी पण तोच आणि शेजाऱ्यांचा माणूस पण तोच. टॅक्स, पोलीस, सैन्यभरती सगळं त्याच्याकडे. जिल्हा सभेत प्रत्येक मोठ्या इस्टेटीच्या मालकाला स्वतःचं मत, आणि शहरं आणि शेतकरी मिळून मोजकेच प्रतिनिधी, मग निर्णय कोणाच्या बाजूने लागणार ते सांगायला नको! गावातली पोलीस सत्तासुद्धा जमीनदाराकडेच होती, ती काढली १८७२च्या कायद्याने, तेव्हा चॅन्सेलर कोण, तर धाकटा भाऊ ऑटोच, आणि प्रशियाच्या वरच्या सभागृहातले जमीनदार इतके भडकले की राजाला नवे सदस्य नेमून कायदा पास करून घ्यावा लागला.

बर्नहार्ड १८९३ला वारला.