वाचकांचे प्रश्न : शिपाईगडी आणि इतिहास

प्रश्न : मी सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो असून तेल्हारा तालुक्यातील आमच्या गावी शेती पाहतो. १८०३ मधील इंग्रज व नागपूरकर भोसले यांच्यातील अडगावची लढाई आमच्याच भागात झाली; तिच्याविषयी लिहावे असे मनात आहे. मात्र गावातील शिकलेली मंडळी म्हणतात, की इतिहास लिहिणे हे शिपायाचे काम नव्हे. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ लष्करातलाच होता, हे खरे काय? त्याच्यावर कितपत भरवसा ठेवावा?

उत्तर : खरे आहे. जेम्स ग्रँट याचा जन्म १७८९ मध्ये स्कॉटलंडातील बॅन्फ येथे झाला. डफ हे आडनाव त्याने पुढे मातुल घराण्याकडून घेतले. कोवळ्या वयात तो कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत कॅडेट म्हणून आला आणि पुण्यास माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या हाताखाली वाढला. हा एल्फिन्स्टन अडगाव व गाविलगड या दोन्ही ठिकाणी इंग्रज सेनापती वेलस्लीसोबत हजर होता आणि नंतर काही वर्षे नागपूरचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातील कंपनीचा वकील, होता, हे आपणांस ठाऊक असावे. पेशवाई बुडाल्यावर ग्रँटला साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंहांच्या दरबारी नेमण्यात आले. तेथील कारभार सांभाळत, डोकेदुखीने हैराण असतानाही, त्याने दप्तरे, बखरी आणि घराण्यांचे कागद जमवले, आणि प्रकृती ढासळल्यावर मायदेशी परतून १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. त्याचे मराठी भाषांतर करणारा केपन हाही कॅप्टनच होता, ही गोष्ट आपल्या गावच्या मंडळींना अवश्य सांगावी.

भरवशाचे उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पुण्याजवळ खडकीस इंग्रजांवर चाल करून येणारी पेशव्यांची फौज त्याने वर्णिली आहे, ती पाने वाचावीत. उकाड्याची दुपार, वारा पडलेला, घोड्यांच्या टापांचा, खिंकाळण्याचा आणि तोफगाड्यांच्या चाकांचा तेवढा आवाज. शेतकरी हातचे काम टाकून पळताहेत, बैल जू तोडून उधळताहेत, हरणे क्षणभर वळून पाहताहेत, आणि कुंपणे व उभी पिके आडवी होत चालली आहेत. रणात उभ्या राहिलेल्या माणसाची ही नजर आहे. शत्रूच्या फौजेकडे पाहतानाही तिला औतावरचा बैल दिसतो.

पण मराठे का उठले, हे सांगताना हीच नजर अडखळते. सह्याद्रीत वाळल्या गवताला वणवा लागावा तशी ही सत्ता पसरली, असे त्याने लिहिले. त्यामागील समाज, धर्मभावना व पिढ्यानपिढ्यांची तयारी त्याला दिसली नाही, आणि या मताचे खंडन न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० मध्ये केले. त्याआधी, १८६७ च्या सुमारास, नीळकंठ जनार्दन कीर्तने या विद्यार्थिदशेतील तरुणाने त्याच्या ग्रंथावर परखड टीका केली होती. अफजलखानाच्या प्रकरणात त्याने सगळा दोष शिवाजी महाराजांच्या माथी मारला, तोही असाच. जिंकलेल्याने हरलेल्याचा इतिहास लिहिला, की एवढे व्हायचेच. तरीही तारखा, तह आणि मोहिमांचा क्रम यांसाठी त्याच्याकडे आजही जावे लागते, हे त्याच्या टीकाकारांनीही नाकारू नये.

आपण अडगावविषयी लिहिताना आधी शिवार पायी हिंडून नाला, चढ आणि तोफांना मोकळी जागा कोठे होती ते पाहावे. हे काम आपल्याइतके नेटके प्राध्यापकाला जमणार नाही. इंग्रजांकडील हकीकत सहज मिळते, म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. नागपूरकर भोसल्यांच्या बाजूसाठी या. मा. काळे यांचे वऱ्हाड व नागपूर प्रांतांवरील ग्रंथ पाहावेत. आसपासच्या देशमुख-देशपांडे घराण्यांत जुने रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, असतील, तर ते पाहण्याची परवानगी मागावी. मात्र ते कागद बहुधा जुन्या मोडी लिपीत असतील, तेव्हा यंदाची पेरणी उरकली, की मोडी शिकायला बसावे.