पीएच.डी. कुठून करावी? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळची बरीचशी पत्रं नाशिक, सिन्नर, मालेगाव या पट्ट्यातली आहेत आणि बहुतेकांच्या मनात एकच धास्ती आहे: आपल्या पदवीवरचं नाव प्राध्यापकाच्या नोकरीला पुरेल का? उत्तरांत जिथे गुण दिले आहेत तिथे यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ची नियमावली धरली आहे. शासननिर्णयानुसार एखाद्या भरतीची गुणपद्धत वेगळी असू शकते. म्हणून अर्ज करताना त्या जाहिरातीसोबतचा तक्ताच प्रमाण माना.

प्रश्न : नाशिकला रसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बी.एस्सी.ला ७२ टक्के, एम.एस्सी.ला आतापर्यंत ६६. पीएच.डी. इथल्याच संशोधन केंद्रात केली तर घर सांभाळून होईल. पण सगळे म्हणतात, पुण्याला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) नाहीतर आयसरला (विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) जा, नाशिकच्या पीएच.डी.ला कोण विचारतं? मला वरिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं आहे. (गंगापूर रोड)

आधी तुमचे गुण मांडून पाहू. महाविद्यालयातल्या सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला कुणाला बोलवायचं, हे १०० गुणांच्या तक्त्यावर ठरतं. पदवीला ६० ते ८० टक्क्यांच्या गटात १९ गुण, पदव्युत्तरला त्याच गटात २३, पीएच.डी.चे २५. झाले ६७. पात्रता परीक्षांपैकी राज्याची सेट असेल तर ५, देशपातळीवरची नेट असेल तर ८, जेआरएफ या संशोधनवृत्तीसह नेट असेल तर १०. शोधनिबंधाला प्रत्येकी २, पण जास्तीत जास्त ६. म्हणजे जेआरएफ आणि तीन चांगले निबंध असले की तुम्ही ८३ वर पोचता. अनुभवाचे जास्तीत जास्त १० आणि पुरस्कारांचे ३ गुण वेगळे. या तक्त्यात विद्यापीठाच्या नावाला रकानाच नाही.

याच तक्त्यातली एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. ६० टक्क्यांना जेवढे गुण तेवढेच ७९ टक्क्यांना. पण ५९.८ टक्के पडले तर पदवीला १९ चे १६ होतात आणि पदव्युत्तरला २३ चे २०. तुमची गुणपत्रिका सीजीपीएमध्ये असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचा विद्यापीठाचा दाखला आत्ताच काढून ठेवा. छाननीच्या टेबलावर या एका कागदावाचून गुण गेलेले असतात.

दुसरं म्हणजे, केटीएचएम किंवा एचपीटी-आरवायके यांसारख्या महाविद्यालयांतली संशोधन केंद्रं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मान्यता घेऊन चालतात. तिथून पीएच.डी. केली किंवा पुण्यात गणेशखिंडीतल्या, विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागातून केली, तरी पदवी प्रमाणपत्रावर नाव एकाच विद्यापीठाचं येतं. त्यामुळे ‘नाशिकची पीएच.डी.’ कागदावर तरी नसतेच.

मग फरक कुठे पडतो? मुलाखतीत. तक्त्याचे गुण फक्त बोलावण्यापुरते असतात, निवड मुलाखतीवर होते. समोर विषयतज्ज्ञ बसलेले असतात. ते विद्यापीठाचं नाव ऐकतात हे खरं, पण दोन प्रश्नांत कामावर येतात: संयुग कसं शुद्ध केलंत, रचना कशावरून सिद्ध केलीत, स्पेक्ट्रममधलं हे शिखर कशाचं? आणि इथे प्रयोगशाळेचा फरक उघड होतो. सेंद्रिय संश्लेषणात समजा ३० नवी संयुगं केलीत, तर प्रत्येकाचा प्रोटॉन आणि कार्बन-१३ असे मिळून ६० एनएमआर स्पेक्ट्रम (रेणूची रचना दाखवणारे आलेख) लागतात, शिवाय मास स्पेक्ट्रम. एनसीएलसारख्या ठिकाणी ही यंत्रं एकाच आवारात असतात. सकाळी नमुना दिला, निकाल पाहून संध्याकाळी पुढची अभिक्रिया लावता येते. लहान केंद्रातून नमुने बाहेर पाठवावे लागतात. दर नमुन्यामागे पैसे पडतात, निकालाची वाट पाहावी लागते, आणि नमुना अशुद्ध निघाला तर सगळं पुन्हा. म्हणून प्रवेशाआधी गाइडना स्पष्ट विचारा की नमुन्यांचा, सॉल्व्हंटचा आणि सिलिका जेलचा खर्च कोण करतं. ‘बघू पुढे’ असं उत्तर आलं तर तो खर्च तुमच्या खिशातून जाणार असं धरून चाला.

गाइड पारखायचे असतील तर शोधगंगा या संकेतस्थळावर त्यांच्या नावानं शोध घ्या. प्रबंधांची यादी मिळेल. प्रत्येक प्रबंधावरचं नोंदणीचं आणि सादर केल्याचं वर्ष पाहा. यूजीसीच्या २०२२च्या नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं आहेत, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. गाइडचे विद्यार्थी साडेचारात बाहेर पडतात की सातात, ते तिथेच कळतं. मग त्यातल्या पाच-सहा जणांची नावं घेऊन ते आज कुठे आहेत ते शोधा: अनुदानित महाविद्यालयात, औषध कंपनीत, की अजून तासिकेवर (तासागणिक मानधनावर). आमच्या मते ही यादी कोणत्याही रँकिंगपेक्षा जास्त बोलकी असते. गाइडकडे जागा आहे का तेही पाहा. सहायक प्राध्यापकाला एका वेळी ४, सहयोगीला ६ आणि प्राध्यापकाला ८ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही.

आमचा सल्ला असा. आधी सीएसआयआर-नेट (विज्ञान विषयांची नेट) जेआरएफवर पूर्ण जोर लावा. तक्त्यात १० गुण, पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, आणि एनसीएल-आयसरचं दार बहुतेक याच किल्लीनं उघडतं. जेआरएफ मिळाली तर पुण्याला जा. नाही मिळाली तर त्या नावापायी दोन-तीन वर्षं घरी बसून घालवू नका. नाशिकमध्ये चांगले गाइड मिळत असतील तर नोंदणी करा आणि बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांपैकी तुम्हाला लागू असलेल्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

पुढे विद्यापीठाच्या विभागातच शिकवायचा विचार असेल तर तक्ता बदलतो. तिथे पीएच.डी.ला ३०, शोधनिबंधांना १० पर्यंत, आणि जेआरएफला फक्त ७. अशा वाटेवर मोठ्या प्रयोगशाळेत केलेलं काम जास्त उपयोगी पडतं.

प्रश्न : मराठीत एम.ए., सेट उत्तीर्ण. काही वर्षं दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवतो आहे. हा अनुभव धरतील का? एका ठिकाणी कायम जागेसाठी ‘संस्थेला मदत’ करावी लागेल असं सुचवलं आहे. (सिडको)

अनुभवाला दर वर्षी २ गुण, जास्तीत जास्त १०. वर्ष पूर्ण नसेल तर त्या प्रमाणात कमी. पण अट कडक आहे. तात्पुरती सेवा धरायची तर नेमणूक रीतसर निवड समितीमार्फत झालेली हवी, त्या वेळी पात्रता पूर्ण हवी, आणि एकूण मानधन नियमित सहायक प्राध्यापकाच्या पगारापेक्षा कमी नको. तो पगार ५७,७०० मूळ वेतनापासून सुरू होतो. तासिकेचं मानधन त्याच्या जवळपासही जात नाही. त्यामुळे छाननी समितीनं हा अनुभव नाकारला तर नियम तिच्या बाजूनं आहे. वर्षानुवर्षं तेवढंच शिकवून, तेच पेपर तपासून हाती हे यावं, हा अन्याय आहे, आणि तो तसाच म्हणायला हवा.

तरीही कागद जमवा, कारण सगळ्या समित्या सारख्या वागत नाहीत आणि खासगी विद्यापीठांत हा अनुभव उपयोगी पडतो. दर वर्षाचा नेमणूक आदेश, त्या नेमणुकीला विद्यापीठानं दिलेल्या मान्यतेचं पत्र, प्राचार्यांच्या सहीचं वेळापत्रक आणि मानधन जमा झाल्याचं बँकेचं विवरण, असा चार कागदांचा संच एकेका वर्षासाठी वेगळा लावा. यात सर्वांत जास्त राहून जातं ते मान्यतेचं पत्र. महाविद्यालयानं प्रस्ताव पाठवलेलाच नसतो आणि शिक्षकाला ते कळतं चार वर्षांनी. दर वर्षी दिवाळीच्या आत कार्यालयात जाऊन प्रस्तावाचा जावक क्रमांक मागून घ्या.

‘मदती’बद्दल: देऊ नका. कायम नेमणुकीला शासनाचं ना-हरकत प्रमाणपत्र, मागासवर्ग कक्षानं तपासलेली बिंदुनामावली (जागांच्या आरक्षणाचा तक्ता), विद्यापीठानं मंजूर केलेली जाहिरात, कुलगुरूंच्या प्रतिनिधींसह बसलेली निवड समिती, पुन्हा विद्यापीठाची मान्यता आणि मग वेतन, एवढ्या पायऱ्या असतात. यातली एक अडली तरी पगार सुरू होत नाही, आणि दिलेल्या पैशांची पावती तर नसतेच. शासकीय अनुदान घेणाऱ्या शिक्षण संस्थेचे पदाधिकारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लोकसेवक ठरतात. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल-फ्री क्रमांक १०६४ आहे.

आणि सेटवर थांबू नका. सेट महाराष्ट्र-गोव्यापुरती आहे. नेट झाली तर ५ चे ८ गुण होतातच, शिवाय बाहेरच्या राज्यांतल्या आणि केंद्रीय विद्यापीठांतल्या जागाही खुल्या होतात.

प्रश्न : यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची एम.ए. सहायक प्राध्यापकाच्या जागेला चालते का? (मालेगाव)

चालते. तुम्ही प्रवेश घेतला त्या वर्षी त्या अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता होती एवढं तपासा आणि त्या पानाची प्रत काढून ठेवा. ५५ टक्क्यांची अट (राखीव प्रवर्गांना ५०) आणि नेट किंवा सेट सर्वांना सारखीच. पीएच.डी. मात्र दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं करता येत नाही. तशी जाहिरात करणाऱ्यांपासून चार हात लांब राहा.

प्रश्न : मुलीला कॉम्प्युटर सायन्समध्ये अमेरिकेतून दोन पत्रं आली आहेत. एक फार नावाजलेल्या विद्यापीठाची एम.एस., सगळा खर्च आपला. दुसरं मधल्या फळीतल्या विद्यापीठाची पीएच.डी., फी माफ आणि विद्यावेतन. तिला प्राध्यापक व्हायचं आहे. नातेवाईक म्हणतात, कर्ज काढा पण नाव सोडू नका. (नाशिक रोड)

नातेवाईकांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते वेगळ्या पदवीला लागू पडतं. अमेरिकेत प्राध्यापकांच्या नेमणुकीत नावाचं वजन खरोखरच प्रचंड आहे. २०१५ साली ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’मध्ये आलेल्या अभ्यासात कॉम्प्युटर सायन्स, बिझनेस आणि इतिहास या तीन विषयांतल्या सुमारे १९,००० प्राध्यापकांची माहिती होती. विषयानुसार ७१ ते ८६ टक्के प्राध्यापक फक्त एक चतुर्थांश संस्थांनी घडवलेले निघाले. ज्या विद्यापीठातून पीएच.डी. केली त्याहून वरच्या ठिकाणी नोकरी मिळालेले ९ ते १४ टक्केच होते. २०२२ साली ‘नेचर’मधल्या आणखी मोठ्या पाहणीत, अमेरिकेत पीएच.डी. केलेल्या दर आठ प्राध्यापकांपैकी एक जण बर्कली, हार्वर्ड, मिशिगन, विस्कॉन्सिन-मॅडिसन आणि स्टॅनफर्ड या पाचांपैकी एकाचा होता.

पण हे सगळे आकडे पीएच.डी.च्या विद्यापीठाचे आहेत. एम.एस. कुठून केली हे त्यात मोजलेलंच नाही. नावाजलेली एम.एस. कंपनीतल्या नोकरीला चांगली मदत करते. प्राध्यापक व्हायचं तर एम.एस.नंतर पीएच.डी.साठी पुन्हा सगळे अर्ज करावे लागतील आणि डोक्यावर कर्ज असेल. त्यामुळे आमचा कौल पीएच.डी.च्या बाजूनं आहे, मात्र पुढच्या गोष्टी तपासून.

विभागाला ईमेल करून गेल्या पाच वर्षांत किती जण दाखल झाले, किती पदवी घेऊन बाहेर पडले आणि आज कुठे आहेत ते विचारा. संकेतस्थळावर सहसा निवडक चमकदार नावंच असतात, अर्ध्यावर सोडून गेलेल्यांचा आकडा नसतो. गाइड होऊ शकतील असे निदान दोन-तीन प्राध्यापक तिच्या उपविषयात हवेत. एकाच्याच भरवशावर जाऊ नये. तो अजून कायम झालेला नसेल तर मधेच विद्यापीठ बदलू शकतो किंवा त्याची नेमणूकच संपू शकते. विद्यावेतनाचं पत्र ओळ न ओळ वाचा: रक्कम नऊ महिन्यांची की बारा, किती वर्षांची हमी, आरोग्य विमा कोण भरतं, फी माफ असूनही ‘स्टुडंट फीज’ भरायच्या का. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारातलं काम आठवड्याला २० तासांपर्यंतच करता येतं, म्हणजे जास्तीचं काम करून तूट भरून काढता येणार नाही.

घाई करू नका. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांचा आपसात तारखेचा करार आहे; त्यात सामील असलेली विद्यापीठं आर्थिक साहाय्यासह दिलेल्या प्रवेशाचं उत्तर १५ एप्रिलपूर्वी मागू शकत नाहीत. आपल्या खर्चानं करायच्या एम.एस.ला ही सवलत नसते, तिथे अनामत भरायची तारीख आधीचीही असू शकते.

उद्या परत यायचं ठरलं तर एक नियम ध्यानात ठेवा. क्यूएस, टाइम्स हायर एज्युकेशन किंवा शांघाय यांपैकी कोणत्याही एका क्रमवारीत, कोणत्याही वर्षी, पहिल्या ५०० मध्ये आलेल्या परदेशी विद्यापीठाची पीएच.डी. असेल तर नेटशिवाय सहायक प्राध्यापकासाठी अर्ज करता येतो. दुसरं विद्यापीठ त्यात बसतं का ते आजच पाहा आणि त्या वर्षाचं पान छापून ठेवा. समकक्षतेचा दाखला लागतो, तो परत आल्यावर लगेच करून घ्यावा.

प्रश्न : ‘तीन दिवसांत आयएसएसएनसह निबंध छापून देतो’ असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. पीएच.डी. चालू आहे. छापून घेऊ का? (सिन्नर)

नको. तीन दिवसांत परीक्षण होतच नाही, आणि आयएसएसएन हा फक्त नोंदणीचा क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नाही. यूजीसीनं मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी २०२५ साली बंद केल्यापासून अशा नियतकालिकांचा सुळसुळाट वाढला आहे. आता निवडीची जबाबदारी तुमच्यावर आणि तुमच्या गाइडवर आहे. संपादक मंडळातल्या दोघांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर ईमेल करून विचारा की ते खरंच मंडळावर आहेत का. एकाच अंकात मराठी कविता, मृदाशास्त्र आणि बँकिंग असेल तर बंद करा. जुन्या प्रतिष्ठित नियतकालिकांची हुबेहूब नकली संकेतस्थळंही असतात, म्हणून ‘स्कोपस’ या नियतकालिकांच्या सूचीच्या यादीत नाव सापडलं तरी तिथून संकेतस्थळाचा पत्ता जुळवून पाहा.

प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापलाच पाहिजे अशी सक्ती यूजीसीनं २०२२ साली काढली, मात्र तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम वेगळा असू शकतो, तो पाहून घ्या. महाविद्यालयाच्या तक्त्यात तर तीनच निबंधांचे गुण धरले जातात. पैसे आधीच भरले असतील तर कॉपीराइटच्या फॉर्मवर सही करू नका, निबंध मागे घेत असल्याचा ईमेल आजच पाठवा आणि त्याची प्रत जपून ठेवा. एकदा तिथे छापून आला की तोच मजकूर चांगल्या नियतकालिकाला देता येत नाही.